भेंडीच्या काट्याला शिक्का लागतो, बीपीच्या ॲपला नाही

माझे मामा तासगावचे. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, वय सत्तरीला टेकलेलं, आणि बोटं अशी राकट की छाटणीची कात्री जास्त टणक की मामांचं बोट हे सांगणं अवघड. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मिरजेला आले, केसपेपर झाला, डोळ्यात थेंब घालून झाले आणि सिस्टरने दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं तर १७८/१०४. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, दुसऱ्या दंडावर घेतलं, फरक नाही. ऑपरेशन पुढं ढकललं, आधी फिजिशियनला दाखवून या म्हणाले. मामा बाहेर येऊन मला म्हणतात, "अरे ह्यांचं मशीन बिघडलंय, तू बघ जरा. माझं सकाळीच १२४ होतं."

मी बायोमेडिकलवाला. दवाखान्यांमधली मॉनिटर, ईसीजी, सिरिंज पंप, बीपीची मशीन दुरुस्त करणं आणि कॅलिब्रेट करणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मामांना वाटलं भाचा आपल्या बाजूने बोलेल. मी विचारलं सकाळी कुठं मोजलं, तर त्यांनी खिशातून मोबाईल काढला, ॲप उघडलं, मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, फ्लॅश पेटला, पडद्यावर लाल रेघ नाचायला लागली आणि अर्ध्या मिनिटात हिरव्या गोलात आकडा आला, १२४/८०. तिथंच, सिस्टरने १७८ घेतल्यावर दहा मिनिटांनी. चार महिने रोज सकाळी हा हिरवा गोल बघत होते आणि तो हिरवा येतोय म्हणून दोन महिन्यांपूर्वी बीपीची गोळी बंद केलेली. "नॉर्मल आहे की, मग कशाला उगा औषध पोटात घालायचं?" आता यात चूक मामांची काढायची का? त्यांनी आकडा बघून निर्णय घेतला, डॉक्टरही तेच करतो. फक्त आकडा खोटा होता.

तेव्हापासून मोबाईल, सेन्सर आणि तब्येत हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. कारण बोलणारे दोनच प्रकारचे भेटतात, एकाला वाटतं मोबाईलमध्ये आता अख्खा दवाखाना मावतो आणि दुसऱ्याला वाटतं हे सगळं थोतांड. दोन्ही चूक. मोबाईल काही गोष्टी खरंच चांगल्या मोजतो, काही अजिबात मोजू शकत नाही, आणि वांधा असा की पडद्यावर दोन्ही आकडे एकाच ठळक फॉन्टमध्ये, एकाच आत्मविश्वासाने येतात.

आधी चांगलं सांगतो. नाडी. म्हणजे मिनिटाला ठोके किती. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की फ्लॅशचा उजेड बोटात शिरतो, आत विखुरतो आणि कॅमेऱ्यात परत येतो. हृदयाचा ठोका पडला की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत किंचित जास्त रक्त येतं, ते थोडा जास्त उजेड खातं, चित्र एक कणभर काळवंडतं, मग परत उजळतं. कॅमेरा सेकंदाला तीस फोटो काढतोय, म्हणजे ही उजळणी-काळवंडणी मोजायला भरपूर झाले. किती उजेड आला याच्याशी देणंघेणंच नाही, नुसत्या लाटा मोजायच्या आहेत, समुद्र किती खोल आहे हे माहीत नसलं तरी किनाऱ्यावर बसून लाटा मोजता येतात तसं. म्हणून फोन स्वस्त असो की महाग, माणूस शांत बसलेला असेल, बोट गार नसेल आणि दाबून पांढरं पाडलेलं नसेल तर नाडी बऱ्यापैकी बरोबर येते. गूगलने २०२१ मध्ये त्यांच्या पिक्सेल फोनवर हे दिलं तेव्हा वेगवेगळ्या त्वचेच्या रंगांच्या लोकांवर तपासून सरासरी चूक दोन टक्क्यांच्या आत असल्याचं दाखवलं होतं, आणि मला त्यात नवल वाटत नाही. मी स्वतः वॉर्डमधल्या मॉनिटरचा प्रोब एका बोटाला आणि मोबाईल दुसऱ्या बोटाला लावून बघितलंय, बसल्या जागी एक-दोन ठोक्यांचा फरक. जिना चढून आल्यावर मात्र मोबाईलचा पार गोंधळ उडतो, त्यात फ्लॅशला बोट चिकटवून ठेवलं की अर्ध्या मिनिटात चटका बसायला लागतो, माणूस हात हलवतो आणि आकडा कुठच्या कुठं जातो. पण ठीक आहे. नाडीच्या बाबतीत माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते रक्तातल्या ऑक्सिजनपासून.

एप्रिल-मे २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. ऑक्सिमीटर मिळत नव्हते. मेडिकलवाले हात वर करत होते, मिळालाच तर हजार-दीड हजाराचा डबा तिप्पट पैशाला, आणि कुणाचं लक्ष नसताना व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरायला लागले की ऑक्सिमीटर कशाला, हे ॲप टाका, कॅमेऱ्यावर बोट ठेवा, ऑक्सिजन कळेल. मला त्या दोन महिन्यात ओळखीच्या-अनोळखी किती जणांचे फोन आले मोजदाद नाही, सगळ्यांचा प्रश्न एकच, "हे ॲप चालतं का हो?" सरकारी गाइडलाइन तेव्हा सगळ्यांना पाठ होती, ९४ किंवा वर असेल तर घरी, ९० ते ९३ म्हणजे वॉर्डात, ९० च्या खाली आयसीयू. म्हणजे घर आणि वॉर्ड यात एका टक्क्याचं अंतर. आता ज्या यंत्राला तो एक टक्का कळत नाही त्याच्यावर हा निर्णय सोपवायचा का, इतका साधा प्रश्न होता.

आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याला तो का कळत नाही हे समजायला इंजिनियर असायची गरज नाही. ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्व जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी या इंजिनियरने १९७० च्या दशकात शोधलं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक असतं, ऑक्सिजन सोडलेलं काळपट, म्हणजे दोघं लाल उजेड वेगवेगळा खातात. पण नुसत्या लाल उजेडावर भागत नाही, बोट जाड की बारीक, कातडी कशी, रक्त किती, याने पण उजेड बदलतो. म्हणून दोन उजेड सोडतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, साधारण ९४० चा. इन्फ्रारेडमध्ये हिशोब उलटा होतो, तिथे ऑक्सिजनवालं रक्त जास्त उजेड खातं. दोघांमधला जो भाग ठोक्याबरोबर वर-खाली होतो तेवढाच घ्यायचा, त्यांचं गुणोत्तर काढायचं, बाकीच्या गोष्टी बऱ्याचशा आपोआप कटतात. मग हे गुणोत्तर म्हणजे किती टक्के हे ठरवायला निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात, हाताच्या धमनीतून रक्त काढून मशीनवर तपासतात आणि त्यावरून तक्ता बनवतात. तुमच्या घरच्या स्वस्त ऑक्सिमीटरच्या पोटात पण असा कुणाचा तरी तक्ता असतो. धमनीत सुई टोचून घेणारे ते स्वयंसेवक मला कधी कधी आठवतात, जगात कुणालाच त्यांची नावं माहीत नाहीत.

आता मोबाईल बघा. फ्लॅश पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांची खिचडी. इन्फ्रारेड त्यात जवळजवळ नाही, आणि असता तरी उपयोग नव्हता कारण फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर मुद्दाम बसवलेला असतो. वर सॉफ्टवेअर स्वतःच उजेड कमी-जास्त करतं, रंग 'सुधारतं', कारण कॅमेरा बनवलाय तुमचा फोटो छान यावा म्हणून, तुमच्या रक्ताचा रंग प्रामाणिकपणे सांगावा म्हणून नाही. आणि फोनची मॉडेलं हजारो. एकाचा फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून, दुसऱ्याचा दोन सेंटीमीटर लांब, तिसऱ्याला चार कॅमेरे आणि कुठल्यावर बोट ठेवायचं तेच कळत नाही. मे २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन सेंटरसाठी लायोनेल टारासेन्को आणि ट्रिश ग्रीनहाल्ग यांनी हाच प्रश्न विचारून उत्तर दिलं होतं, मोबाईल ॲप ऑक्सिमीटर म्हणून वापरावं का, तर नाही.

मला आठवतंय, २०२१ च्या मे महिन्यात मी वैतागून एक प्रयोग केला. एक ॲप घेतलं, टोमॅटो घेतला, कॅमेऱ्यावर धरला आणि जरा हलवत राहिलो. टोमॅटोचा ऑक्सिजन ९८, नाडी ७६. तब्येत ठणठणीत. हा व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याचा जितका परिणाम झाला तितका माझ्या दोन पानी मेसेजचा झाला नव्हता. गृह मंत्रालयाच्या सायबर दोस्तने २०२० मध्ये खोट्या ऑक्सिमीटर ॲपबद्दल जो इशारा दिला होता तो तर वेगळाच होता, अशी ॲप बोटाचा ठसा आणि फोनमधली माहिती चोरतात म्हणून. म्हणजे ऑक्सिजन मोजायला गेलं आणि बँक खातं गेलं. ते असो, तो पोलिसांचा विषय.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी साध्या मोबाईलचा कॅमेरा आणि फ्लॅश वापरून ७० टक्क्यांपर्यंतचा ऑक्सिजन मोजून बघितला, तशीच हवा कमी करत करत, अगदी रीतसर. ऑक्सिजन कमी झालाय की नाही हे त्यांना ८० टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. चांगलं काम आहे, पुढे यातून काहीतरी निघेलही. पण माणसं किती, तर सहा. आणि त्या सहातल्या एकाच्या बोटांना घट्टे होते, त्याच्यावर अंदाज चुकायला लागला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. सहात एक! मी हे वाचलं तेव्हा मला मामांची बोटं दिसली. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात सहातल्या किती जणांना घट्टे असतील ते तुम्हीच सांगा. संशोधकांनी घट्टे लिहून ठेवले, ॲपवाल्याच्या जाहिरातीत कुठल्याच बोटाला घट्टे नसतात.

आता कुणी म्हणेल खरे ऑक्सिमीटर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? नाहीतच. डब्यावर 'अधिक-उणे २ टक्के' लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ लोकांना वाटतो की चूक दोनच्या वर जाणार नाही. तसं नसतं. साधारण तीनातली दोन रीडिंग त्या पट्ट्यात येतात, तिसरं बाहेर जाऊ शकतं. नेलपॉलिश, गार बोट, हे सगळे जाणतात. बिडी-सिगारेट कमी जण जाणतात. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला की ते रक्त पण लालभडक दिसतं आणि ऑक्सिमीटरला ते ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणजे दिवसाला दोन बंडल ओढणाऱ्याचा ९७ हा न ओढणाऱ्याच्या ९७ इतका खरा नसतो. आणि कातडीचा रंग. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं की अमेरिकेत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात धमनीतला ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के, म्हणजे तिप्पट. दवाखान्यातल्या महागड्या मशीनची ही कथा, पन्नास वर्षांच्या सुधारणेनंतर. आपण सावळी माणसं, हा प्रश्न आपला पण आहे. पण यातून 'मग ॲप काय वाईट' असा निष्कर्ष काढणं म्हणजे किराणावाल्याचा काटा दहा ग्रॅमने चुकतो म्हणून उद्यापासून अंदाजपंचे मुठीने साखर घ्यायची. खऱ्या मशीनची चूक आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ती मोजली, छापली आणि त्यावर भांडण झालं. बाजारातल्या बहुतेक ॲपची चूक किती हे कुणी मोजलेलंच नसतं.

बरं, फोनमध्ये नीट सेन्सर कधी नव्हताच असंही नाही. सॅमसंगने २०१४ मध्ये गॅलेक्सी एस५ च्या पाठीवर नाडीसाठी वेगळा सेन्सर दिला, त्याच वर्षी नोट ४ मध्ये लाल आणि इन्फ्रारेड असे दोन्ही उजेड टाकून ऑक्सिजन मोजायची सोय दिली. वेगळी खिडकी, वेगळे एलईडी. २०१९ च्या एस१० नंतर एस२० मध्ये तो सेन्सर काढून टाकला. आता हे सगळं घड्याळात गेलंय, ज्याला हवं त्याने वेगळे पैसे मोजून घ्यावं. म्हणजे गंमत बघा, खरा सेन्सर फोनमधून गेला आणि सेन्सर असल्याचा आव आणणारी ॲप मागे राहिली.

आणि आता बीपी. इथे मला खरंच राग येतो.

बीपी म्हणजे दाब. दाब मोजायचा तर काहीतरी दाबावं लागतं. दंडाला पट्टा का बांधतात? बाहेरून हवेने दाबत जायचं, धमनी पूर्ण बंद पडेपर्यंत, मग हवा हळूहळू सोडायची आणि कुठल्या दाबाला रक्त परत वाहायला लागलं ते बघायचं. आतल्या दाबाला बाहेरच्या दाबाने तोलायचं, तराजूच आहे तो. मोबाईलच्या फ्लॅशमध्ये कुठला दाब आला? कॅमेऱ्याला बोटातल्या लाटेचा आकार दिसतो, बास. त्यावरून दाब सांगणं म्हणजे नळाला पाणी कसं येतंय हे बघून टाकी कितव्या मजल्यावर आहे ते सांगणं, तोटी किती उघडलीये, पाइप किती इंची आहे, मध्ये कचरा अडकलाय का, काहीच माहीत नसताना. लाटेत थोडी माहिती असते हे मी नाकारत नाही, पण ती त्याच माणसाच्या पट्ट्याच्या रीडिंगशी आधी जुळवून घ्यावी लागते. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे तिथे ते दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनवर बीपी घेऊन घड्याळाला शिकवायला सांगतात. म्हणजे मशीन घरात लागतंच. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने तर अशा बिनपट्ट्याच्या यंत्रांवरून उपचार ठरवू नका असंच सांगितलंय.

मग मामांच्या ॲपमध्ये १२४ कुठून आलं? मी त्याच दिवशी तिथंच बाकावर बसून बघितलं. ॲप सुरुवातीला वय विचारतं, उंची, वजन, स्त्री की पुरुष. मी माझं बोट ठेवलं, वय ३८ टाकलं, ११८/७६. बोट तेच, माणूस तोच, दोन मिनिटांनी वय ७५ टाकलं, १३१/८४. वजन शंभर किलो केलं, अजून थोडं वर. म्हणजे हे बीपी नाही, ही पत्रिका आहे. जन्मतारीख सांगा, ग्रह बघून सांगतो. बोट ठेवायचं ते नुसतं ठेवणाऱ्याच्या समाधानासाठी, लाल रेघ नाचते म्हणजे काहीतरी सायन्स चाललंय असं वाटतं. आणि पत्रिकेला एक फायदा असतो, बहुतेक लोकांचं बीपी १२० च्या आसपास असतंच, त्यामुळे सगळ्यांना १२० च्या आसपास सांगत राहिलं तर बहुतेक वेळा खरं ठरतं. ज्याचं खरंच १७८ आहे तेवढ्याच्याच बाबतीत चुकतं. आणि मोजायचं तर त्याच्यासाठीच होतं ना?

हे माझं एकट्याचं निरीक्षण आहे असं समजू नका. अमेरिकेत 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं एक ॲप होतं, २०१४-१५ मध्ये ५ डॉलरला धडाधड विकलं गेलं. फोन छातीवर धरायचा, बोट कॅमेऱ्यावर, की बीपी तयार. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ८५ जणांवर ते खऱ्या मशीनबरोबर ताडून बघितलं आणि २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये छापलं. ज्यांचं बीपी खरंच जास्त होतं त्यांच्यातल्या जवळपास पाचातल्या चौघांना ॲपने नॉर्मल सांगितलं होतं. वरचं बीपी खाली ओढायचं, खालचं वर, सगळ्यांना मधल्या खुर्चीत बसवायचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर खोटी जाहिरात केल्याची केस करून तडजोड करायला लावली. लक्षात घ्या, हे आरोग्य खातं नव्हे, ग्राहकांची फसवणूक बघणारं खातं. मला हेच आवडलं. त्यांनी याच्याकडे औषध म्हणून बघितलंच नाही, खोटं माप म्हणून बघितलं.

माझं म्हणणं तेच आहे. आपल्याकडे मंडईत भेंडी विकणाऱ्या मावशींच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याकडून पासिंग करून घ्यावं लागतं, शिक्का नसेल तर दंड. पाव किलो भेंडीत वीस ग्रॅमचा फरक पडला तर गिऱ्हाईकाचे दोन रुपये जातात म्हणून सरकार एवढी यंत्रणा चालवतं, आणि बरोबरच करतं. आणि बीपी ५४ अंकांनी चुकवणाऱ्या ॲपला शिक्का नाही. का? तर तळाशी, इतक्या बारीक अक्षरात की मोतीबिंदूवाल्या माणसाला दिसूच नये, लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही, फक्त माहितीसाठी आहे. अरे माहितीसाठी म्हणजे काय? बीपीचा आकडा माणूस दुसऱ्या कशासाठी बघतो, रांगोळी काढायला? भेंडीवाल्या मावशींनी काट्याला पाटी लावली की 'हा काटा फक्त मनोरंजनासाठी आहे', तर चालेल का?

कायदा नाही असं पण नाही. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आणली आणि त्या व्याख्येत सॉफ्टवेअर हा शब्द स्पष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, बीपी मशीन, थर्मामीटर, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर या पाच गोष्टींवरचा व्यापाऱ्यांचा नफा ७० टक्क्यांवर बांधला, म्हणजे सरकारने मनावर घेतलं की जमतं. मला नवीन कायदा नकोच आहे. मला एवढंच हवंय की जे ॲप पडद्यावर 'मिमी पारा' (बीपीचं माप) किंवा 'एसपीओटू टक्के' (रक्तातला ऑक्सिजन) असा आकडा दाखवेल ते मोजमापाचं यंत्र धरावं, तळाशी काय लिहिलंय ते न बघता. दंडाच्या बीपी मशीनला जी परीक्षा लागते, ८५ माणसं, सरासरी चूक ५ च्या आत, चुका त्या सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरतात त्याचं माप ८ च्या आत, ती त्याने द्यावी. कुठल्या फोन मॉडेलवर दिली ते सांगावं, आणि ज्या मॉडेलवर दिली नाही त्यावर ॲप उघडूच नये. अशक्य आहे का? गूगलच्या पिक्सेल ८ प्रोमध्ये तापमानाचा इन्फ्रारेड सेन्सर होता, फोन २०२३ मध्ये बाजारात आला पण अमेरिकेत त्यावर अंगाचा ताप मोजायची सोय जानेवारी २०२४ मध्ये एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या खात्याची, परवानगी मिळाल्यावरच चालू केली. तोपर्यंत तो फोन चहाचं तापमान सांगत होता, तुमचं नाही. एक मॉडेल, एक सेन्सर, एक परीक्षा. होतं की.

(तापावरून आठवलं, कोरोनात दुकानाच्या दारात कपाळाला बंदूक लावायचे आणि ९३, ९४ फॅरनहाइट यायचं, मनगटाला लावली तर त्याहून कमी, आणि वॉचमन मान हलवून आत सोडायचा. त्या आकड्याप्रमाणे अर्धा महाराष्ट्र हायपोथर्मियात, म्हणजे अंग धोकादायक गार पडलेला, होता.)

या सगळ्यावर मला एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं, आणि ते देणारी माणसं वाईट नसतात, उलट तळमळीची असतात. ते म्हणतात, तुम्ही मिरजेत बसून बोलताय, चार पावलांवर दवाखाना. वाडीवस्तीवर काय आहे? मोबाईल आहे. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. मला हे वाक्य आधी पटायचं. आता पटत नाही. काहीच नसतं तेव्हा माणसाला डोकं दुखतं, चक्कर येते, मग तो म्हणतो जरा दाखवून यावं. चुकीचा नॉर्मल आकडा हातात असला की तो म्हणतो बीपी तर बरोबर आहे, उन्हाने दुखत असेल. चुकून जास्त दाखवणारं ॲप एक वेळ परवडलं, फार तर एक चक्कर फुकट जाईल, शंभर रुपये जातील. चुकून नॉर्मल दाखवणारं ॲप माणसाला घरी बसवतं. म्हणून वाडीवस्तीवर तर हे जास्त घातक, कारण तिथे दुसरं कुणी तपासणारं नाही. आणि 'काहीच नाही' हे तरी खरं आहे का? 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची बंदूक घेऊन फिरले, हीच वाडी, हीच वस्ती. उपकेंद्रात बीपीचं मशीन असतं. कधी सेल संपलेला असतो, कधी पट्ट्याचं वेल्क्रो गेलेलं असतं आणि सिस्टर हाताने धरून बसते, हे मी दुरुस्त करतो म्हणून मला माहीत आहे. तिथे पैसे घाला ना. दोन हजारात दंडाचं चांगलं डिजिटल मशीन येतं, ज्या फोनवर हे ॲप चालतं त्याची किंमत त्याच्या पाचपट असते.

ॲप बनवणारी पोरं पण ओळखीची आहेत, एक तर माझ्याच कॉलेजचा ज्युनियर. तो म्हणतो, सर डेटा जमला की मॉडेल सुधारेल, आधी लोकांच्या हातात जाऊ दे. मी त्याला म्हटलं, अरे पण लोकांच्या हातात देऊन डेटा जमवायचा म्हणजे माझे मामा तुझे स्वयंसेवक झाले, त्यांना विचारलं का? ऑक्सिमीटरसाठी धमनीत सुई टोचून घेणारे ते स्वयंसेवक निदान माहीत असताना टोचून घेत होते. तो हसला. वाईट नाही रे पोरगं, पण हसला.

असो. मामांची गोळी परत सुरू झाली, डोस वाढला, महिनाभरात १३६/८४ वर आलं, संक्रांतीनंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता द्राक्षाच्या मण्यावरचे डाग लांबून दिसतात म्हणून खूश आहेत. मी त्यांना दंडाचं मशीन घेऊन दिलं. ॲप काढा म्हटलं तर ते काही काढलं नाही, "राहू दे की, काय खातंय," म्हणाले. आता रोज सकाळी दोन्ही घेतात आणि फवारणीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतात, एक रकाना 'मशीन', एक रकाना 'मोबाईल'. मागच्या रविवारी गेलो तेव्हा वही बघितली. मशीनच्या रकान्यात १३२, १४१, १२८, १५०, पाहुणे येऊन गेले त्या दिवशी १५४. मोबाईलच्या रकान्यात तीन महिने १२४, १२३, १२४, १२४, आणि मग एका मंगळवारपासून सलग १२६. मी म्हटलं मामा या मंगळवारी काय झालं होतं? ते आठवत बसले. मामीने आतून सांगितलं, "त्या दिवशी ह्यांना सत्तरावं लागलं."